दत्तक गेलेली गावं

आमच्याकडे, म्हणजे लातूर-उमरगा पट्ट्यात, जुनी माणसं सन सांगत नाहीत. 'भूकंपाच्या आधी दोन वर्षं' किंवा 'भूकंपानंतरच्या उन्हाळ्यात' असं सांगतात. लग्नं, बाळंतपणं, बोअरला पाणी लागलेलं वर्ष, सगळं याच हिशोबात. माझा जन्म भूकंपानंतरचा. हे वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांचाही तसाच असणार. त्यामुळे किल्लारी म्हटलं की आपल्याला एवढंच माहीत असतं : ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, सुमारे ८ हजार माणसं गेली.

त्या पहाटेबद्दल मी थोडंच लिहिणार आहे. मला लिहायचंय ते त्यानंतर आलेल्या मदतीबद्दल. मदत कमी पडली म्हणून नव्हे. मदत इतकी आली की तोपर्यंत महाराष्ट्राने एका जागी एवढी मदत जाताना क्वचितच पाहिली असेल. पण देणाऱ्याला जे द्यावंसं वाटतं आणि घेणाऱ्याला जे हवं असतं, यात केवढं अंतर असू शकतं, ते मला आमच्याच भागात फिरताना कळत गेलं.

आधी घरांबद्दल. कारण माणसं भूकंपाने मेली नाहीत, घरांखाली मेली. मराठवाड्यातलं जुनं घर म्हणजे माळवदाचं. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती, लाकडी खांब, तुळया, वर दांडे आणि त्यावर मातीचा जाड थर. पाऊस गळू नये म्हणून दर वर्षी त्यावर आणखी माती पडायची. उन्हाळ्यात आत शिरलं की एकदम गार. दिसायला किल्ल्यासारखी मजबूत, पण भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती असायच्या. बाहेरून एक घडीव तोंड, आतून एक, आणि मध्ये दगडगोट्यांची भर, सगळं मातीत बांधलेलं. दोन्ही तोंडांना एकत्र धरून ठेवणारा आरपार दगड नाही. जमीन हलली तेव्हा ही दोन तोंडं फाकली, भिंती कोसळल्या आणि वरची काही टन माती झोपलेल्या माणसांवर आली. गुदमरूनच कित्येक गेले.

यात एक क्रूर गंमत होती. गावकुसाबाहेर कुडाच्या, गवताच्या झोपड्यांत राहणारे तुलनेने वाचले. जितका मोठा वाडा, तितकी जास्त माती.

आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. रात्री उशिरापर्यंत विसर्जन चाललेलं, मग लोक दमून घरात झोपलेले. बरं, इशारा नव्हता असंही नाही. १९९२ च्या ऑगस्टपासून किल्लारी परिसरात धक्के बसत होते, १८ ऑक्टोबर १९९२ चा तर चांगला जोराचा होता. लोक तेव्हा रात्री बाहेर झोपायला लागले होते. पण किती महिने बाहेर झोपणार? देशाच्या भूकंप-नकाशात हा भाग सर्वात कमी धोक्याच्या पट्ट्यात रंगवलेला होता. हळूहळू लोक पुन्हा आत झोपायला लागले.

शरद पवार तेव्हा मुख्यमंत्री होते. परभणीतल्या विसर्जन मिरवणुकीचा तणाव होता म्हणून ते रात्री उशिरापर्यंत जागे होते, आणि झोपायला जाताहेत तोच खिडक्या हलल्या, हे त्यांनी नंतर सांगितलेलं आहे. कोयनेच्या भूकंपमापन केंद्राला फोन करून केंद्र कुठे आहे ते विचारलं आणि सकाळीच ते किल्लारीकडे निघाले. त्यांच्या राजकारणाबद्दल तुमचं मत काहीही असो, यंत्रणा लगोलग हलली हे आमच्याकडे त्यांचे विरोधकही मान्य करतात. सैन्य आलं. सोलापूर, लातूर, उमरग्याच्या दवाखान्यांत जखमींची रांग लागली. एकूण जखमी सुमारे १६ हजार. त्यात पाऊस सुरू झाला. सरणाला कोरडं लाकूड मिळेना, तेव्हा पडलेल्या घरांच्याच तुळया आणि दांडे काढून एकेका चितेवर अनेकांना अग्नी दिला गेला. घराच्या लाकडावर घरातली माणसं.

मग रस्ते भरले. मदत घेऊन येणाऱ्यांनी भरले तसे बघ्यांनीही भरले. कुठून कुठून लोक गाड्या करून 'भूकंप बघायला' येत होते. शेवटी त्यांना अडवायला पोलीस लावावे लागले, कारण ॲम्ब्युलन्सला वाट मिळेना. (आता तेच लोक घरी बसून व्हिडिओ बघतात. एवढा एक फायदा मोबाइलचा मी मान्य करतो.)

माझं आजोळ लोहारा तालुक्यातलं, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यातलं. तिथे मदतीचा विषय काढला की पहिल्यांदा कपडे निघतात. ट्रकच्या ट्रक कपडे. मुंबई-पुण्यातल्या घरांनी कपाटं रिकामी केली होती. नऊवारी नेसणाऱ्या बायकांना सलवार-कमीज, धोतर नेसणाऱ्या म्हाताऱ्यांना पॅन्टी, एकाला म्हणे सुटाचा कोट. "माय, कोट घालून काय ढेकळं फोडावीत का?" असं माझी आजी अजून हसून सांगते. रस्त्याकडेला कपड्यांचे ढीग पावसात भिजत पडले. आणि ट्रक थांबायचे ते डांबरी रस्त्यावरच्या गावांत. किल्लारी, सास्तूर ही नावं पेपरात होती, तिथे गर्दी. दोन ओढे ओलांडून आत असलेल्या वस्तीवर कुणी पोचायचं नाही. आजी हेही सांगते की पहिले काही दिवस जेवण आलं ते शेजारच्या, कमी पडझड झालेल्या गावांतून. बायकांनी भाकरी थापून टोपल्याच्या टोपल्या पाठवल्या. त्या भाकरींची नोंद कुठल्या अहवालात मला सापडली नाही.

मुलांचं काय झालं, हे जरा सविस्तर सांगायला हवं.

भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त कुटुंबांतली सुमारे १२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. पुढे वाघोलीला त्यांच्यासाठी शाळा आणि वसतिगृह उभं राहिलं. राष्ट्र सेवा दलाच्या लोकांनी, पन्नालाल सुराणांच्या पुढाकाराने, नळदुर्गला 'आपलं घर' सुरू केलं; अनाथ झालेल्या मुलांचं घर, आणि तेही त्यांच्याच मुलखात. ज्ञान प्रबोधिनी हराळीला आली, तिथे शाळा काढली आणि तिथेच राहिली. तिघांची विचारांची घराणी पूर्ण वेगळी. एरवी एका मंचावर बसले असते की नाही कोण जाणे. पण या तिन्ही कामांत एक गोष्ट सारखी आहे : ती महिनाभराची नव्हती. मूल पाचवीत असेल तर ते दहावी होईपर्यंत, त्याच्याही पुढे, कुणीतरी थांबायला हवं होतं आणि हे लोक थांबले.

मुलांना पुण्याला न्यावं की नळदुर्गला ठेवावं? मी दोन्हीकडच्या लोकांशी बोललो आहे. पुण्याला गेलेल्यांना संधी मिळाली, यात शंका नाही. पण आईबापातलं एक गेलेलं असताना उरलेल्या एकापासूनही लांब गेलेल्या दहा वर्षांच्या पोराच्या रात्री कशा गेल्या असतील, ते संधीच्या हिशोबात धरता येत नाही. आणि घरी ठेवलं असतं तर पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं शिक्षण सुटलं असतं, हेही तितकंच खरं. मला यात एक बाजू घेता येत नाही.

ज्यांची सगळीच मुलं गेली अशा आयांची गोष्ट वेगळीच. दोन मुलांवर ऑपरेशन करून घेतलेल्या बायका होत्या. कुटुंबनियोजनाचं सांगितलेलं सगळं ऐकलेल्या. त्यांच्यासाठी नसबंदी उलटवण्याच्या शस्त्रक्रिया केल्या गेल्या. मदतीच्या यादीत असंही काही असू शकतं, हे भूकंपाच्या आधी कुणाच्या डोक्यात आलं नसेल.

आता गावांकडे येतो. खरा पैसा, खरी प्रतिष्ठा आणि खरा घोळ, सगळं तिथे आहे.

बावन्न गावं इतकी उद्ध्वस्त झाली होती की ती जुन्या जागी न बांधता दुसरीकडे नव्याने वसवायचं ठरलं. हे सरकारने लादलं असं आज म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. १९९३ च्या ऑक्टोबरमध्ये लोक स्वतःच म्हणत होते की त्या जागी परत जाणार नाही. ढिगाऱ्याखालून आपल्या माणसांना ज्यांनी काढलं, त्यांना दगडाच्या भिंतीकडे बघवत नव्हतं. दगड नको, माती नको, सिमेंटचं घर द्या. लोकांना विचारलं होतं. फक्त ते तिसऱ्या आठवड्यात विचारलं होतं.

त्यानंतर 'दत्तक' हा शब्द आला. उद्योगसमूह, वर्तमानपत्रांचे निधी, धार्मिक ट्रस्ट, संस्था यांनी एकेक गाव दत्तक घेतलं. उरलेली गावं जागतिक बँकेच्या कर्जातून सरकारने बांधायची असं ठरलं. मला या शब्दाचं नेहमी नवल वाटतं. शेकडो वर्षांचं गाव, त्याचा मारुती, त्याची भावकी, त्याची भांडणं, आणि ते दत्तक जाणार कुणाला, तर ज्याने ते आधी कधी पाहिलेलंही नाही त्याला. दत्तक म्हटलं की नाव देणं आलंच. वेशीवर देणाऱ्याच्या नावाची कमान आली. बापाने ठरवलेला अंगरखा आला. कुणी एकसारख्या चौकोनी घरांच्या रांगा बांधल्या. गुबाळसारख्या गावात तर घुमटाकार घरं उभी राहिली. भूकंपाला ती चांगली, हे इंजिनिअरिंगच्या दृष्टीने बरोबरच असेल. पण गोल भिंतीला देवळी कुठे काढायची आणि कणगी कुठे टेकवायची? बैल कुठे बांधायचा?

घर किती मोठं, हे जमिनीवर ठरलं. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००, त्याहून जास्त असणाऱ्यांना ७५०. कागदावर हे सरळ दिसतं. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी एका मापाची घरं एका बाजूला आली आणि ज्या गल्लीत भाऊ-भाऊ शेजारी होते तिथे जमिनीच्या वाटण्यांप्रमाणे ते पांगले. जुनं गावठाण दाटीवाटीचं असायचं. ओसरीवर बसून हाक मारली की चार घरं ऐकायची. नवी गावं रुंद, सरळ रस्त्यांची आणि जुन्याच्या कित्येक पट पसरलेली. शहरातल्या कॉलनीचा नकाशा काळ्या रानात आणून टाकलेला. एवढ्या रस्त्यांची आणि नळांची देखभाल करायला ग्रामपंचायतीकडे पैसा कुठला? आणि जिथे हे वसलं ती जमीनही कुणाच्या तरी पिकाची होती.

इथे मला थोडं थांबायचं आहे. जुनं गाव किती छान होतं, हे सांगणारा आवाज बहुतेक वेळा वाड्यातला असतो. जो गावकुसाबाहेर कुडात राहत होता, त्याला २५० चौरस फुटांचं का होईना, पण पक्कं घर मिळालं, रस्त्याला लागून मिळालं. त्याला विचारलं तर तो जुन्या दाटीवाटीच्या आठवणीने उसासे टाकत नाही. पुनर्वसनावर टीका करणाऱ्या लेखांत हा माणूस मला फार कमी भेटतो.

तरी एक गोष्ट वरच्या-खालच्या दोघांची सारखी होती : भीती. स्लॅबला बारीक चीर दिसली की रात्री झोप लागायची नाही. घरं मिळेपर्यंत लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहिले होते, मराठवाड्याच्या मे महिन्यात, कल्पना करा. पण नवं घर मिळाल्यावरही तेच पत्रे आणून घरामागे शेड उभं केलं. चूल तिथे, बाजेवर झोपणंही तिथे. पत्रा पडला तरी माणूस मरत नाही, हा अनुभव कुठल्याही इंजिनिअरच्या प्रमाणपत्रापेक्षा मोठा होता. सिमेंटची पक्की खोली ज्वारीची पोती ठेवायला. हळूहळू, काही वर्षांनी, लोकांनी भिंती वाढवल्या, ओसऱ्या काढल्या, कुंपणं घातली. आता तुम्ही गेलात तर दत्तक घेणाऱ्याने बांधलेलं मूळ घर शोधावं लागतं.

बावन्न गावांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, कारण तिथे कोनशिला आहेत. त्याच कार्यक्रमाचा दुसरा भाग मात्र फारसा कुणी सांगत नाही. पडली नाहीत पण तडकली, अशी घरं १३ जिल्ह्यांत पसरलेली होती. त्यांतली सुमारे २ लाख घरं दुरुस्त आणि मजबूत करायची होती. प्रत्येकी १७ हजार रुपये, तेही टप्प्याटप्प्याने. एवढ्या पैशात कुणाला आपल्या नावाची कमान बांधता येत नाही, त्यामुळे हे काम दत्तक घ्यायला कुणी पुढे आलं नाही.

१७ हजारांत काय होतं? तर भिंतीत ठरावीक अंतरावर भोकं पाडून आरपार दगड किंवा काँक्रीटचा सांधा घालायचा, म्हणजे दोन्ही तोंडं एकमेकांना धरतील. माळवदावरची जास्तीची माती उतरवायची. खांब आणि तुळई जिथे भेटतात तिथे तिरका आधार द्यायचा. भिंतीभोवती पट्टा बांधायचा. म्हणजे जे घर आहे, तेच, पण जीव न घेणारं. दगड वाईट नव्हता. तो बांधायची पद्धत बिघडली होती. हे पटवणंच सर्वात अवघड होतं, कारण लोकांना नवं घर हवं होतं आणि बावन्न गावांना ते मिळताना ते बघत होते. पहिले हप्ते मिळाले आणि कित्येकांनी घर मजबूत करण्याऐवजी शेजारी एक नवी खोली उभी केली.

इथे प्रेमा गोपालन यांची स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था आली. लोकसहभागाचं काम तिच्याकडे देण्यात आलं. प्रेमाताईंचा आग्रह सरळ होता : गावातल्या महिला मंडळांना कामाला लावा. गावोगावी एकेक बाई 'संवाद सहायक' म्हणून नेमली गेली, हजाराहून जास्त गावांत. तिचं काम काय, तर कुणाला किती पैसे मिळायचे आहेत ते घरोघरी सांगायचं, हप्ता कुठे अडला ते तालुक्याला जाऊन विचारायचं, आणि गवंडी आरपार दगड खरंच घालतोय की नुसता बाहेरून गिलावा करतोय ते उभं राहून बघायचं.

ज्या बाईने तोपर्यंत सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर खाली येऊ दिला नव्हता, तिने गवंड्याला "दगड काढून दाखव" म्हणायचं! सुरुवातीला हसले लोक. इंजिनिअरांनाही हे फार रुचलं नव्हतं. पण घर वापरतं कोण, तर ती. कुठली भिंत पावसाळ्यात पाझरते, कुठला दांडा वाळवीने पोखरलाय, हे तिला अंधारातही सांगता येत होतं. हळूहळू बैठकांत बायका दिसायला लागल्या. नंतर त्याच मंडळांचे बचत गट झाले, मग रेशन, पाणी, दवाखाना या विषयांवर त्या ग्रामसभेत बोलायला लागल्या. आमच्या भागातल्या बायका आज बँकेत जाऊन मॅनेजरशी ज्या आवाजात बोलतात, त्या आवाजाचा उगम शोधायचा असेल तर त्या १७ हजारांच्या हप्त्यांपाशी जावं लागतं, असं माझं मत आहे. दत्तक गावांत जी गोष्ट झाली नाही ती इथे झाली. पैसा कमी होता म्हणूनच झाली की काय, अशी मला शंका येते. भरपूर पैसा असता तर कंत्राटदार आला असता आणि बाईला कुणी विचारलं नसतं.

२६ जानेवारी २००१ ला कच्छ हादरलं. पंतप्रधान वाजपेयींनी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन समितीचं उपाध्यक्षपद विरोधी पक्षातल्या पवारांकडे दिलं, ते किल्लारीच्या अनुभवामुळे. कच्छमध्येही दत्तक घ्यायला दाते रांगेत होते. पण तिथल्या बहुतेक गावांनी जागा सोडायला नकार दिला, आणि सरकारचे पैसे घेऊन आपली घरं आपणच बांधायचा मार्ग बऱ्याच मोठ्या प्रमाणावर धरला गेला.

तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बायका कच्छला गेल्या. बरोबर कपड्यांचे ट्रक नव्हते. गुजराती येत नव्हती, मोडक्यातोडक्या हिंदीवर भागवायचं. तिथल्या बायकांबरोबर जमिनीवर बसून त्यांनी सांगितलं की हप्ता कसा मागायचा, नकाशावर सही करण्याआधी काय विचारायचं, आणि गवंडी भिंत रचत असताना तिथून उठून का जायचं नाही.